डाव खेळवणारं यंत्र

बरकतपुरा, रात्र. सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमधून आणलेली संगणकाची कोटेशन्स समोर पसरली आहेत. सगळ्यांत ग्राफिक्स कार्ड आहेच. लीला चेस झीरोसारखं बुद्धिबळ खेळणारं इंजिन लिहीत असतो तर ते घेतलंही असतं. पण माझं इंजिन स्टॉकफिशच्या वाटेनं जाणारं, सगळं काम प्रोसेसरवर. 2020 साली स्टॉकफिशमध्ये न्यूरल नेटवर्क आलं, तेही प्रोसेसरसाठीच घडवलेलं.

प्रोग्राम लिहायला जुना लॅपटॉपही पुरतो. पैसा लागतो तो चाचणीला. एक ओळ बदलली. इंजिन सुधारलं का? हजार डाव खेळवले तरी उत्तर साधारण पंधरा एलो गुण (खेळाची ताकद मोजणारे) इकडेतिकडे होऊ शकतं, आणि चांगला बदलही बहुधा दोन-तीन गुणांचाच असतो. म्हणजे डाव हजारोंनी हवेत. त्यामुळे कोअर जितके जास्त तितकं बरं, प्रत्येकावर एक स्वतंत्र डाव. रॅम 8 जीबी पुरे. झटपट डावांना, तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवणारं हॅश टेबल 16 एमबीचं चालतं.

कार्यालयांतून निघालेले सेकंडहँड डेस्कटॉप मला यासाठी फार योग्य वाटतात. प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स2 या सूचनासंचाची सोय मात्र हवीच, नाहीतर न्यूरल नेटवर्क रखडतं. इंटेलच्या कोअर मालिकेत ती 2013च्या चौथ्या पिढीपासून आहे. उरलेले पैसे चांगल्या कूलरवर घालावेत. इथल्या मे महिन्यात प्रोसेसर तापला की त्याचा वेग उतरतो आणि निकालांवरचा भरवसा जातो.

तुमचा संगणक रात्री रिकामा असेल तर तो फिशटेस्टला द्या. त्याद्वारे स्टॉकफिशची चाचणी 2013पासून स्वयंसेवकांच्या यंत्रांवरच चालते.