झीज

गेल्या महिन्यातील एका रविवारी माझा पुतण्या आपल्या मोटारीचे तेल स्वहस्ते बदलून मोठ्या उत्साहाने बाहेर पडला, आणि तासाभराच्या आत त्याचा फोन आला की इंजिन चालू आहे, परंतु गाडी जागची हलत नाही. मी पोहोचलो तेव्हा तो रस्त्याच्या कडेला उभा होता. आणि गाडीखालून येणारा करपट, घशात उतरून बसणारा वास नाकाशी येताच मला पुढे काही विचारण्याचे कारण उरले नाही, कारण तसा वास मी आयुष्यात ह्यापूर्वी एकदाच, १९८० साली खंबाटकीच्या घाटात, घेतला होता.

"काका, तेल तर अगदी स्वच्छ निघालं होतं," तो म्हणाला.

इंजिनाचे जुने तेल कधीही स्वच्छ निघत नाही. ज्वलनाची काजळी पोटात घेणे हेच त्याचे विहित कर्म असल्यामुळे ते काळे होऊनच बाहेर पडावयाचे. स्वच्छ निघते ते गिअरबॉक्सचे. पुतण्याने शेजारचा नट खोलला होता, गिअरबॉक्स रिकामी केली होती, आणि आणलेले सारे नवे तेल आधीच भरलेल्या इंजिनात ओतले होते.

मीही नेमके हेच केले होते.

मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाल्यावर माझ्या वडिलांनी, अण्णांनी, साताऱ्यास एक जुनी फियाट घेतली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या आणि १९७४ नंतर पद्मिनी म्हणून ओळखल्या गेलेल्या घराण्यातील, परंतु त्या नामकरणाच्या आधीची. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. पुण्यास जाण्याच्या आदल्या संध्याकाळी, त्यांना न विचारता, मी पाना घेऊन गाडीखाली शिरलो. ती घटका माझ्या स्मृतीतून हलावयास तयार नाही: घमेल्यात पडणारी मधासारखी जाड, सोनेरी धार, तिच्यावर आलेले मावळतीचे ऊन, आणि 'अण्णांनी गाडी किती जपली आहे!' ही माझ्या मनात दाटून आलेली धन्यता. ज्या क्षणी मी त्यांचे नुकसान करीत होतो, त्याच क्षणी मला त्यांच्याविषयी सर्वांत अधिक अभिमान वाटत होता.

दुसऱ्या दिवशी भुईंजपर्यंत काही जाणवले नाही. वेळे मागे पडले, चढ लागला, आणि पायाखालून घरघर सुरू झाली. दातेरी चाकांच्या मधला तेलाचा पातळ पापुद्रा नाहीसा झाला की धातू धातूस भिडतो, तापतो, आणि शेवटी एकमेकांस धरून बसतो. अण्णांचा हात स्टिअरिंगच्या दांड्यावरील गिअरवर होता. तो हात कोणत्याही घरात जाईना. मागे इंजिनातील अतिरिक्त तेलाचा निळा धूर वळणावर रेंगाळत होता. ट्रकला दोर बांधून गाडी परत आली. मिस्त्रींनी नटावरील पान्याच्या ताज्या खुणा बोटाने चाचपल्या आणि हे कुणी उघडले होते का, असे विचारले. अण्णा म्हणाले, "जुनी गाडी आहे. झिजली असेल."

त्या रात्री मी खिडकीतून त्यांना पाहिले. घमेले अद्याप पडवीतच होते. त्यांनी त्यात बोट बुडवले, अंगठ्याशी चोळले, आणि नाकाशी नेले. ९० नंबरच्या तेलास गंधकासारखा एक उग्र वास असतो. तो ज्याने एकदा ओळखला तो फसत नाही. त्यांनी ते तेल गाळले, एका बाटलीत भरले, आणि पुढे कित्येक वर्षे त्याच बाटलीतून परसातील विहिरीच्या रहाटाला वंगण घातले. रहाट कुरकुरेनासा झाला. मला मात्र त्याचे ते निःशब्द फिरणे ऐकू येत असे.

पुतण्याच्या गाडीत दातेरी चाकांची जुनी उतरंड नाही. दोन कप्प्या आणि त्यांच्यामधून फिरणारा एक पोलादी पट्टा, एवढाच तिचा संसार. हॉलंडमधील हुब व्हान डोर्न ह्यांनी १९५८ साली डाफ ६०० ह्या लहान मोटारीत ही रचना रबरी पट्ट्यांनिशी आणली. पोलादी पट्टा मागाहून आला. कप्प्यांचे गाल पट्ट्यास चिमटीत धरतात, आणि त्या चिमटीचा सारा जोर तेलाच्या दाबाचा असतो. तेल गेले की पंप हवा ओढू लागतो, चिमटी सैल पडते, पट्टा घसरतो आणि त्या गुळगुळीत गालांवर ओरखडे उमटतात. अलीकडे कित्येक गाड्यांच्या गिअरबॉक्सला डिपस्टिकही ठेवलेली नसते. आतील तेल जन्मभराचे आहे, असे काही कारखानदार सांगतात. ह्या शब्दावर माझा राग आहे. जे तपासून पाहण्याची वाटच बंद केली आहे, त्याविषयी जन्मभराचा हवाला कोणी कोणास देऊ नये.

परंतु हा राग लिहिताना मला वारंवार असे वाटते आहे की तो कारखानदारांवरचा नाही.

त्या रविवारी घरी परतल्यावर मी अण्णांच्या रोजकीर्दी काढल्या. १९८० सालातील त्या महिन्याच्या पानावर, त्यांच्या ठाशीव अक्षरात, दुरुस्तीची रक्कम होती आणि पुढे तपशिलाच्या रकान्यात एकच शब्द: झीज. एका तारखेच्या चुकीसाठी लोकांचे अर्ज परत करणाऱ्या, उभ्या नोकरीत दफ्तरात एक अक्षर खोटे न लिहिलेल्या त्या माणसाने, माझ्या माहितीप्रमाणे, केलेली ही एकमेव खोटी नोंद. इतकी वर्षे मी त्यांच्या मौनास क्षमा समजत आलो. ती क्षमाच होती. परंतु न विचारता दिलेल्या क्षमेत अपराध्याला कबुलीची जागा राहत नाही, आणि माझी बाकी वर्षानुवर्षे पुढच्या पानावर ओढली गेली. अण्णा, तुम्ही मला एकदा विचारावयास हवे होते.

पुतण्याला मी विचारले. तो म्हणाला, "हो काका, माझंच चुकलं. नट ओळखता आला नाही." खर्चाचा आकडा ऐकून त्याचा चेहरा उतरला, पण जेवून तो स्वस्थ झोपला.

दफ्तरात खाडाखोड करू नये, असे अण्णा शिकवीत. चुकीवर एक रेघ ओढावी, वर दुरुस्ती लिहावी, बाजूस सही करावी. मी पेन उघडून बराच वेळ बसलो. त्यांच्या अक्षरावर रेघ ओढणे मला जमले नाही. शेऱ्याचा रकाना रिकामा होता. तेथे लिहिले, 'गिअरबॉक्सचे तेल मी सोडले', आणि आजची तारीख घालून सही केली.