पाकीट आणि पत्र

जतन करणे म्हणजे पेटीत घालून कुलूप लावणे, अशी आपली समजूत असते. जुन्या घरांतली मोडी दफ्तरे पाहिली म्हणजे ती किती अपुरी आहे हे कळते. कागद शाबूत, शाई शाबूत. वाचणारा मात्र नाही. संगणकावरच्या ध्वनी आणि चित्रांच्या फाईलींचेही तसेच आहे.

फाईलच्या नावाअखेरीस एमपी४, एव्हीआय, एमकेव्ही अशी अक्षरे असतात. ती पाकिटावरची. आतल्या पत्राची लिपी त्यांवरून नेमकी कळत नाही. आमच्या बेळगावात पाकिटावर पत्ता कानडीत आणि आत मजकूर मराठीत, याचे कुणाला नवल नाही. तसेच हे. पाकिटाला म्हणतात कंटेनर, लिपीला कोडेक. एमपी४च्या पाकिटात चित्र एच.२६४ मध्ये असेल, नाहीतर एच.२६५ मध्ये. पहिली लिपी जाणणारा प्लेअर दुसरीपुढे अडतो. मग आवाज ऐकू येतो आणि पडदा काळाच राहतो.

माझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणे. काकांनी त्या आपल्या बटणांच्या फोनवर टिपल्या होत्या. आजी गेल्यावर ती फाईल नव्या फोनवर घेतली, तर ती उघडेना. नावाअखेरीस होते एएमआर. कुणी सुचवले, तिथे एमपी३ असे लिहा. पण पाकिटावरचा पत्ता खोडून पत्राची लिपी थोडीच बदलते?

कन्नड विभागातल्या माझ्या मित्राने ती संगणकावर व्हीएलसीत लावली आणि आजी बोलू लागली. आवाज दबका, जणू भिंतीपलीकडून. एएमआर ही फोनवरच्या बोलण्यासाठी केलेली लिपी. तिच्या साध्या प्रकारात सेकंदाला आवाजाचे ८,००० नमुने घेतात, सीडीसाठी ४४,१००. जे टिपलेच गेले नाही, ते कोणताही प्लेअर परत देणार नाही. पण जे टिपले होते ते मिळाले, कारण व्हीएलसी अनेक लिप्यांचे ज्ञान स्वतःबरोबरच बाळगतो. १९९६ मध्ये पॅरिसजवळच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या खटपटीतून तो उभा राहिला आणि २००१ पासून त्याची मूळ आज्ञावली सर्वांना खुली आहे.

मूळ फाईल तशीच ठेवून आम्ही तिची वेव्हमध्ये एक प्रत केली. वेव्हमध्ये नमुने सहसा न दाबता सरळ लिहितात. जागा अधिक लागते, पण वाचणे सोपे.

कपाटात जुने फोन पडून असतील, त्यांनी ते या सुटीत उघडून पाहावेत. वाचणारा आहे तोवर नक्कल उतरवून घेतलेली बरी.