डोक्याला शॉट

शनिवारी रात्री नऊ ते दहा हा माझा आठवड्यातला एकमेव पवित्र तास. भाड्याचं टर्फ, ऑफिसमधली दहा-बारा पोरं, आणि कॉर्नर मिळाला की सगळ्यांचा एकच गलका, "उंच टाक रे, याच्या डोक्यावर!" पायांत आपल्या फारसं काही नाही. पण हेडरमध्ये आपला हात कोणी धरू शकत नाही. (डोक्याच्या कामात हात कुठून आला, ते सोडा.)

मागच्या महिन्यात ताईकडे गेलो, तर आठ वर्षांचा भाचा बॉल घेऊन दारातच उभा. "मामा, हेडर शिकव ना. आमच्या क्लासची मॅच आहे." ताई किचनमधून म्हणाली, "शिकव रे. नाहीतरी तुझ्या डोक्याचा दुसरा काय उपयोग!"

तयारी म्हणून रात्री नेटवर क्लिप्स शोधत बसलो आणि तिथे जेफ ॲस्टल भेटला. वेस्ट ब्रॉमविच अल्बियनचा स्ट्रायकर, १९६८ ची एफए कप फायनल त्याच्याच गोलवर जिंकलेली. हेडर मारावा तर ॲस्टलने, अशी ख्याती. २००२ मध्ये तो गेला तेव्हा वय अवघं ५९, आणि घरचे सांगतात की आपण फुटबॉल खेळायचो हेसुद्धा शेवटी त्याला आठवत नव्हतं. चौकशीत कॉरोनरने मृत्यूचं कारण नोंदवलं, इंडस्ट्रियल डिसीज. म्हणजे कामाने दिलेलं दुखणं. गिरणी कामगाराच्या फुफ्फुसात कापूस, तसा याच्या डोक्यात फुटबॉल! २०१४ मध्ये ग्लासगोच्या डॉ. विली स्टुअर्ट यांनी मेंदूची पुन्हा तपासणी केली तेव्हा त्या दुखण्याला नाव मिळालं. क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी, थोडक्यात सीटीई.

मला वाटायचं, हे बॉक्सर लोकांचं प्रकरण. आणि अमेरिकन फुटबॉलवाल्यांचं, विल स्मिथच्या 'कन्कशन'मध्ये दाखवलंय तसं. पण मेंदूला खेळाचं नाव कुठे कळतं? तो कवटीत द्रवात तरंगत असतो. धक्का बसला की आतल्या आत हिंदकळतो, मज्जातंतू ताणले जातात. वर्षानुवर्षं असं झालं की टाऊ नावाचं प्रोटीन गुठळ्या करून साचायला लागतं. त्यासाठी दरवेळी चक्कर यायलाच हवी असंही नाही. छोटे छोटे धक्केही हिशेबात धरले जातात. आणि पक्कं निदान? माणूस गेल्यावरच.

मग तो आकडा वाचला आणि लॅपटॉप मिटला. डॉ. स्टुअर्ट यांच्याच टीमने २०१९ मध्ये ७,६७६ माजी स्कॉटिश खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मृत्यू येण्याचं प्रमाण सर्वसामान्यांच्या साधारण साडेतीन पट. २०२१ मधला तपशील तर आणखी बोलका आहे. डिफेंडर्सना धोका सगळ्यात जास्त, आणि गोलकीपर? जवळपास तुमच्या-आमच्याइतकाच. आता गोलकीपर कशाने बॉल अडवतो, ते सांगायला नको.

अर्थात हे सगळे व्यावसायिक खेळाडू, माझ्यासारखे शनिवार-वीर नव्हेत. शिवाय याच मंडळींमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी होते, म्हणजे खेळणं वाईट असं कोणीच म्हणत नाहीये. पण इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये २०२० पासून प्राथमिक शाळेतल्या मुलांना सरावात हेडिंग बंद आहे. अमेरिकेने दहा वर्षांपर्यंतच्या पोरांसाठी ते २०१५ मध्येच बंद करायचं ठरवलं. माझा भाचा आठ वर्षांचा.

रविवारी त्याला छातीवर बॉल घ्यायला शिकवलं. "आणि हेडर?" "अकरा वर्षांचा झालास की बोलू." तो असा काही रुसला की आइस्क्रीमवरही मिटेना. ताईला सगळं सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, "आणि तुझं काय?"

माझं काय... दोन वर्षांपूर्वी एकाच्या डोक्यावर डोकं आपटून मी खाली बसलो होतो. पोरांनी बर्फ लावला, दहा मिनिटांनी मी पुन्हा मैदानात. त्या मॅचचा शेवटचा गोल मीच मारला म्हणतात. मला आठवत नाही. हा किस्सा मी इतकी वर्षं पार्टीत हसत सांगत आलोय.

परवाच्या शनिवारी शेवटच्या मिनिटाला कॉर्नर मिळाला. स्कोअर २-२. "याच्या डोक्यावर!" बॉल मस्त उंच आला, आणि मी उडी मारली. गोल झाला.

भाच्याला सांगितलेलं नाही. ताईलाही.