आमच्या घरच्या महालक्ष्म्या

आमचे गाव किनवट तालुक्यात आहे. आमच्या वर्गात बंजारा, गोंड आणि तेलुगू बोलणाऱ्या घरची मुले पण आहेत. सगळ्यांच्या घरी महालक्ष्म्या नसतात. म्हणून आमच्या घरी काय काय करतात ते मी आधी सांगते.

महालक्ष्म्या भाद्रपद महिन्यात, गणपतीच्या दिवसांत येतात. पुण्या-मुंबईकडे त्यांना गौरी म्हणतात. त्या दोघी बहिणी. थोरली ज्येष्ठा आणि धाकटी कनिष्ठा. अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर जातात. माहेरी आलेल्या लेकीसारखे त्यांचे सगळे करावे लागते.

आमच्याकडे पत्र्याच्या दोन कोठ्या आहेत. एकीत गहू भरतात, दुसरीत ज्वारी. त्यांना साड्या नेसवतात आणि वर पितळेचे मुखवटे बसवतात. मुखवटे चिंचेने घासायचे काम माझे असते. पुढे दोन छोटी पिलं ठेवतात. वर फुलोरा बांधतात. त्यात करंज्या असतात, पण त्या तोडायच्या नसतात.

पहिल्या दिवशी आई तुळशीपासून घरात रांगोळीची पावले काढते. मुखवटे ताटात घेऊन दोघी बाया पावलांवरून आत येतात. मी पुढे थाळी वाजवते. महालक्ष्म्यांना धान्याची खोली, चूल, गोठा सगळे दाखवायचे आणि मग बसवायचे. त्या दिवशी भाजी-भाकरीचा नैवेद्य असतो. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, आंबील, कढी, भजी आणि सोळा भाज्या. पुरणाचे दिवे करून आरती करतात. तिसऱ्या दिवशी सोळा गाठींचे हळदीचे दोरे घेतात. अक्षता टाकून मुखवटे जरासे हलवले की महालक्ष्म्या गेल्या असे समजतात.

हे सगळे मला आजीने शिकवले. आईलापण आजीनेच शिकवले. सोळा भाज्या आजीला पाठ आहेत. भेंडी, गवार, दोडका, कारले, भोपळा, अंबाडी, चुका, शेपू असे ती बोटावर मोजते. एखादी कमी पडली तर बांधावरची कुर्डू आणते.

आजोबा २०२३ साली वारले. २०२४ साली महालक्ष्म्या आल्या तेव्हा आजी पुढे आलीच नाही. ती मागच्या खोलीत पुरण वाटत बसली. आई आणि काकूने मुखवटे आणले. आईच्या पंधराच भाज्या झाल्या, तेव्हा आजी आतूनच ओरडली, "चुका राहिला बघ!" संध्याकाळी सगळ्या बायांना हळदी-कुंकू लावले. आजीला कोणी लावले नाही. मी म्हणाले, "आज्जी, तू कामून इथं बसलीस?" ती म्हणाली, "रीतच आहे बाळा."

मला लई वाईट वाटले. ज्याला सगळे येते त्यालाच मागे बसवायचे, ही कसली रीत?

पुढे शाळेत सावित्रीबाईंच्या जयंतीला बाईंनी आम्हाला हेरवाड गावाची गोष्ट सांगितली. हे गाव कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात आहे. तिथल्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी ठराव केला. नवरा वारला म्हणून बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचे नाही. मग त्याच महिन्यात सरकारनेपण सगळ्या ग्रामपंचायतींना तसे करायला सांगितले. मी घरी येऊन हे सांगितले. बाबा काहीच बोलले नाहीत. आजी म्हणाली, "ते तिकडं."

२०२५ साली महालक्ष्म्या ३१ ऑगस्टला आल्या. पाऊस लई होता. सोयाबीनमध्ये पाणी साचले होते. काका-काकू हिमायतनगरला राहतात. नाल्याला पूर आल्यामुळे त्यांना येता आले नाही. आई एक मुखवटा घेऊन तुळशीपाशी उभी राहिली. दुसरा कोण धरणार? आई म्हणाली, "शेजारच्या मावशीला बोलावू का?"

मी म्हणाले, "आजी आहे की."

सगळे गप्प झाले. आजी म्हणाली, "नको माय. लेकराबाळाचं घर आहे. काही झालं म्हणजे?" बाबा म्हणाले, "माय, ह्या कोठ्या किनवटच्या बाजारातून डोक्यावर कोणी आणल्या? तूच ना? मग घे." आईने मुखवट्याचे ताट आजीच्या हातात दिले. आजीचे हात थरथरत होते. मी थाळी इतकी जोरात वाजवली की गोठ्यातले वासरू उड्या मारायला लागले.

रात्री आजी झोपलीच नाही. सारखी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघायची. दुसऱ्या दिवशी मी पाच पुरणपोळ्या खाल्ल्या आणि रात्री माझे पोट दुखले. पण मी कोणाला सांगितले नाही. आजीला वाटले असते, तिच्यामुळेच दुखले. सकाळी आपोआप थांबले. हे मी आज पहिल्यांदाच लिहिते आहे. आजी, तू हे वाचशील तर रागावू नको. ते पोळ्यांमुळे झाले होते.

हळदी-कुंकवाला आईने आजीलापण कुंकू लावले. ते पाहून एक बाई तशीच उठून गेली. मला राग आला. आजी म्हणाली, "तिला काही बोलायचं नाही. मीपण तशीच होते. माझी थोरली जाऊ अशी झाली तेव्हा मीच तिला मागं बसवलं होतं. ती आता नाही." असे म्हणून आजी महालक्ष्मीकडे बघत बसली. मग मीपण काही बोलले नाही.

महालक्ष्म्या गेल्यावर आईने कोठीतल्या गहू-ज्वारीतले मूठमूठ काढून आमच्या धान्यात मिसळले. सोळा गाठींचा दोरा मला आजीने बांधला.

तिघी मैत्रिणींच्या आज्यापण माझ्या आजीसारख्या एकट्या आहेत. तुमच्या घरी सणाला त्या कुठे बसतात ते एकदा बघा. आणि पुढच्या वर्षी माझ्या घरी जेवायला या. सोळा भाज्या आजी मोजणार आहे.

— इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी