घाटावरचं एक गाव

बुलढाणा जिल्ह्यात नवा माणूस भेटला की आधी विचारतात, घाटावरचे की घाटाखालचे? घाटाखाली कापूस आणि एकोणिसाव्या शतकात आलेली रेल्वे. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही नावं स्टेशनांच्या पाट्यांवर चढली. खामगाव तर कापसाच्या गाठींवरच मोठं झालं. घाटावर रूळ काही आले नाहीत. खामगाव–जालना रेल्वे इंग्रजांच्या काळापासून कागदावरच धावते आहे. पैनगंगेकाठचं मेहकर, एके काळचं विणकरांचं गाव, माग थंडावल्यावर तालुक्याच्या कचेऱ्यांवर जगायला शिकलं.

याच तालुक्यातलं हिवरा. इथे ना स्टेशन, ना सूतगिरणी, ना पेठ. साठच्या दशकात शुकदास महाराजांनी इथे विवेकानंदांच्या नावाने आश्रम उभा केला. आधी उपचारासाठी रोगी आले, मग शाळा आली, वसतिगृह आलं, कृषी महाविद्यालय आलं. पोरांच्या मागे खानावळ आली, झेरॉक्सचं दुकान आलं, भाड्याच्या खोल्या आल्या. शेवटी गावाच्या नावालाच आश्रम चिकटला. आता नुसतं हिवरा म्हटलं तर समोरचा विचारतो, कोणतं हिवरा?

दर वर्षी विवेकानंद जयंतीचा उत्सव असतो. शेवटच्या दिवशी शेतातच पंगती बसतात, लाखोंच्या. पुरी आणि वांग्याची भाजी; वाढायला ताटंपातेली पुरतच नाहीत, म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या पंगतींमधून फिरतात. त्या एका दुपारी हे गाव भल्याभल्या शहरांना गर्दीत मागे टाकतं. संध्याकाळी पुन्हा खेडं. मला मात्र तो दिवस फसवा वाटतो. गाव गर्दीवर उभं राहत नाही, मागे राहणाऱ्यांवर राहतं.

आणि मागे राहायला इथे कोण आहे? वावरात ज्वारी-कापसाच्या जागी सोयाबीन आलं. पेरणीला ट्रॅक्टर, मळणीला यंत्र. मजुराला बारमाही काम उरलं नाही. सोंगणी उरकली की तरणी पोरं पुण्याला, चाकणला, वाळूजला ‘कंपनीत’ जातात. शिकलेलीही जातात. आश्रमाच्या शाळेने गावात पोरं आणली, त्याच शाळेच्या दाखल्यावर ती बाहेर गेली. शाळेला यात दोष देण्यात अर्थ नाही. शिक्षण दार उघडतं. दाराच्या आत काम असावं ही जबाबदारी दुसऱ्यांची.

आता मेहकरजवळून समृद्धी महामार्ग जातो. ११ डिसेंबर २०२२ला नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाला आणि २०२५मध्ये मुंबईच्या वेशीपर्यंतचे ७०१ किलोमीटर पुरे झाले. जुन्या रस्त्यावर एसटी थांबायची, चहा व्हायचा, टपरीवाल्याचं घर चालायचं. हा रस्ता कुंपणातला. त्यावर गावं फक्त फलकावर दिसतात. मेहकरला उतरायची सोय आहे, पण उतरायला कारण लागतं.

महामार्गाच्या कडेने नवनगरं वसवण्याची योजना आहे. चांगलंच आहे. तिथे इथल्या सोयाबीनचं तेल निघालं, इथल्या कृषी पदवीधराला काम मिळालं, तर घाटावरची पोरं चाकणच्या खोल्या सोडून परत येतील. त्या नगरांचे नकाशे काढणाऱ्यांनी एकदा हिवरा आश्रमला येऊन जावं. उत्सवाच्या दिवशी नको, एखाद्या साध्या मंगळवारी या.