नाणेघाटातली 'कूल' रात्र

थंडीने माणूस मरतो कुठे? सियाचेनमध्ये! आपलं उत्तर ठरलेलं असतं. ते खरंच आहे म्हणा. 3 फेब्रुवारी 2016 ला तिथे 19,600 फुटांवरच्या चौकीवर हिमकडा कोसळला, दहा जवान गाडले गेले. त्यात साताऱ्याच्या मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशीही होते. पण बॉस, शरीर गार पडायला पारा शून्याखालीच जावा लागतो असं नाही. आठ-दहा अंश, भिजलेला टी-शर्ट आणि सोसाट्याचा वारा एवढं पुरतं. हे तिन्ही एकत्र भेटतात अशी जागा कल्याणपासून दोनेक तासांवर आहे.

वैशाखरे हे मुरबाड तालुक्यातलं, नाणेघाटाच्या पायथ्याचं गाव. जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही बाराजण तिथून वर निघालो, तेव्हा उन्हाचा चांगलाच चटका होता. आधी जंगल, मग दगडी पायऱ्या. तीन तासांत सगळे घामाने निथळत होते. वर सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी शिलालेख असलेली गुहा आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातल्या बंदरांतून जुन्नर-पैठणकडे जाणारा माल याच वाटेने चढायचा. जकातीची नाणी ज्यात टाकत म्हणे, तो दगडी रांजणही बघून घ्या. पण ही वाट म्हणजे कड्यातली अरुंद खिंड. वारा तिच्यातून असा घुसतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

वरच्या पठारावर तंबू ठोकले आणि अंधार पडला. ग्रुपमधला ठाण्याचा एक आयटीवाला अजून त्याच ओल्या कॉटन टी-शर्टात आणि जीन्समध्ये. कुडकुडायला लागला, तेव्हा 'व्हायब्रेट मोड'चे जोक झाले. मग त्याला जॅकेटची चेन लावता येईना. जीभ जड झाली. 'मी ओके आहे रे, झोपू द्या,' एवढंच म्हणत राहिला. कापरं थांबलं, तसे आम्ही निवांत झालो आणि आमचा लीडर, ज्याला सगळे दादा म्हणतात, तो ताडकन उठला.

का, ते नंतर कळलं. कापरं हा शरीराचा हीटर. आतलं तापमान 37 वरून 35 अंशांखाली गेलं की हायपोथर्मिया. ऊब न मिळताच कापरं थांबलं, तर हीटर बंद पडतोय. आणि मेंदूही गारठलेला असतो, त्यामुळे आपलं काही बिघडलंय हे त्या माणसाला कळतच नाही. ते इतरांनीच ओळखायचं.

दादाने त्याला तंबूत आडवं केलं, ओले कपडे उतरवले, कोरडे चढवले, कानटोपी घातली. अंगाखाली दोन मॅट. जमीन उष्णता सतत ओढते, त्यामुळे वर तीन चादरी टाकण्याआधी खाली काहीतरी हवं. मग स्लीपिंग बॅग आणि बाजूला चिकटून एक जाडजूड मित्र! शुद्धीवर होता, नीट गिळत होता, म्हणून घोट घोट गरम गोड चहा. हातपाय चोळायचे नाहीत, ही सक्त ताकीद. कुणीतरी खिशातून क्वार्टर काढली, तीही परत गेली. दारूने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या फुलतात, ऊब वाटते, पण आतली उष्णता बाहेर पळते. शेकोटीतले निखारे तंबूत आणायची आयडिया तर त्याहून भयंकर. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, वास येत नाही आणि झोपलेला उठत नाही.

तासाभराने पठ्ठ्या पुन्हा कुडकुडू लागला. इतक्या आनंदाने कुणाचं कुडकुडणं आम्ही कधी बघितलं नव्हतं. अजून थोड्या वेळाने त्याने मॅगी मागितली. तरी दादाने रात्रभर त्याला एकटं सोडलं नाही. शुद्ध हरपली असती, तर रात्रीच खाली उतरवून हॉस्पिटल गाठावं लागलं असतं.

सकाळी वैशाखऱ्यात एका घरी चहाला थांबलो. ओटीवर आजींचं अंथरूण होतं: खाली भाताचा पेंढा, त्यावर गोधडी, आडोशाला शेणाने लिंपलेला कारवीचा कूड. आमच्या महागड्या मॅट्सचा फंडा, तोही फुकटात!

कसं जाल? कल्याणहून माळशेजमार्गे जाणारी एसटी पकडा, वैशाखऱ्याला उतरा. सॅकमध्ये प्लॅस्टिक पिशवीत बांधलेला कोरड्या कपड्यांचा एक जोड ठेवा. वर पोहोचल्यावर फोटो नंतर, आधी टी-शर्ट बदला.