रतीबाचा धंदा आणि दोन भाऊ



दहावीचा निकाल लागला की आमच्या माणगावात एक प्रश्न हमखास येतो : "सर, पोराला पुढं शिकवू की दुकानात बसवू?" यंदा एका वडिलांनी तो विचारला. मुलगा हाताने हुशार, सुट्टीत मोबाइल रिपेअरिंगचं काम शिकलेला. वडील पुढे म्हणाले, "तो क्विक हीलवाला माणूस पण दहावीच शिकलाय ना?"

गोष्ट खरी आहे, पण अर्धी. म्हणून पूर्ण सांगतो.

कैलाश काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. दहावीनंतर त्यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात महिना 400 रुपयांवर काम धरलं. पुढे स्वतःचं छोटं दुकान टाकलं. कॉम्प्युटर आले, तसे तेही दुरुस्त करायला शिकले. धाकटे भाऊ संजय यांना मात्र त्यांनी कॉम्प्युटरचं रीतसर शिक्षण घ्यायला लावलं. दुरुस्तीला आलेल्या मशीनमध्ये व्हायरस सापडायचे. ते काढणारा प्रोग्राम संजय यांनी लिहिला आणि 1995 मध्ये तो बाजारात आला. बाहेरच्या गुंतवणूकदाराचे मोठे पैसे, म्हणजे सिकोया कॅपिटलचे 60 कोटी रुपये, आले ते 2010 मध्ये. 2016 मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली.

यात मला तीन धडे दिसतात.

पहिला धडा : आधी रोजची भाकरी, मग नवा प्रयोग. सॉफ्टवेअर विकलं जाईपर्यंत दुरुस्तीचं दुकान घर चालवत होतं. शिवाय लोकांची नेमकी अडचण काय, हे त्या दुकानाच्या टेबलावरच कळलं.

दुसरा धडा रतीबाचा. अँटिव्हायरस एकदा विकून भागत नाही. नवे व्हायरस रोज येतात, म्हणून त्याचं औषधही रोज ताजं करावं लागतं. गिऱ्हाईक वर्षाचे पैसे आधी देतं आणि वर्ष संपलं की पुन्हा द्यायचे की नाही ते ठरवतं. आपल्याकडच्या दुधाच्या रतीबासारखंच. दुधात पाणी दिसलं की पुढच्या महिन्यात रतीब बंद! अशा धंद्यात नवं गिऱ्हाईक आणण्याइतकंच जुनं टिकवणं महत्त्वाचं.

हे वर्गात गणितातून छान समजतं. दोन धंदे घ्या. दोघांकडे 100 गिऱ्हाईकं, दोघेही दरवर्षी 20 नवी आणतात. पहिल्याकडे दरवर्षी 90 टक्के जुनी टिकतात, दुसऱ्याकडे 60 टक्के. तीन वर्षांनी पहिल्याकडे साधारण 127 होतात आणि दुसऱ्याकडे फक्त 61. मेहनत दोघांची सारखीच दिसते. फरक पडतो तो विश्वासाने. मुलं आकडेमोड करून झाली की स्वतःच विचारतात, "सर, मग ती गिऱ्हाईकं सोडून का गेली?" खरा तास तिथे सुरू होतो.

तिसरा धडा सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच सांगायचा राहतो. या गोष्टीत भाऊ दोन आहेत. एकाचा हात दुरुस्तीत बसलेला, दुसऱ्याने कॉम्प्युटर शिकलेला. नुसत्या दुकानातून प्रोग्राम निघाला नसता आणि नुसत्या कॉलेजातून गिऱ्हाईक मिळालं नसतं. ज्यांनी स्वतः शाळा सोडली, त्यांनीच भावाच्या शिक्षणाचा आग्रह धरला. मग "दहावीच शिकला" एवढंच कसं सांगायचं?

त्या वडिलांना मी एवढंच म्हटलं, "दादा, तुमच्या घरी दोन भाऊ नाहीत. दोन्ही कामं याच एका पोराला करायची आहेत. संध्याकाळी दुकान असू द्या, पण सकाळची शाळा सोडवू नका." ते "बघतो" म्हणाले. आपल्या लोणेरेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, तेही एकदा मुलाला बाहेरून का होईना दाखवून आणा, असं सुचवलं.

मित्रांनो, यशाच्या गोष्टी वर्गात जरूर सांगा, पण पूर्ण सांगा. शाळा सोडलेल्या माणसाची गोष्ट सांगताना त्याच्या घरात, दुकानात शिकलेलं कोण होतं, हा प्रश्न मुलांना शोधायला द्या. पालकांनो, मूल हाताने काही शिकत असेल तर कौतुक करा, आणि त्याचं दप्तरही खुंटीला टांगू देऊ नका.